चालचलणुकीचा दाखला

म्हातारपणी प्रकृती मोजण्याची जी साधनं आहेत, त्यांत चाल हे सगळ्यात स्वस्त. तिच्यासाठी रक्त काढावं लागत नाही, बारा तास उपाशी राहावं लागत नाही, आणि ‘रिपोर्ट संध्याकाळी सातनंतर’ असं काउंटरवरून कोणी सांगतही नाही. ठरावीक अंतर चालायला माणसाला किती सेकंद लागले, एवढंच पाहायचं असतं. २०११ साली ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात, नऊ पाहण्यांतल्या ३४,४८५ ज्येष्ठांची आकडेवारी एकत्र करून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीची चाल जितकी मंद, तितकं पुढचं आयुष्य तोकडं, असा सरळ संबंध त्यात दिसला. सेकंदाला ०.८ मीटरच्या आसपास चालणारा आपल्या वयाच्या मानाने साधारण मधोमध असतो. एक मीटर किंवा त्याहून जास्त चालणाऱ्याचं बरं चाललेलं असतं. सेकंदाला एक मीटर म्हणजे ताशी ३.६ किलोमीटर. संध्याकाळी सातच्या सुमारास अंधेरीच्या एस. व्ही. रोडवर हा वेग मोटारीलाही जमत नाही, पण मोटारींच्या आयुर्मानाबद्दल त्या अभ्यासात काही म्हटलेलं नाही.

वेगाशिवाय चालीत बरंच काही असतं. पावलाची लांबी, मिनिटाला पडणारी पावलं, दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचा काळ, वळायला लागणारी पावलं. आणि यांतलं सगळ्यात बोलकं म्हणजे एका पावलाला लागलेला वेळ पुढच्या पावलाशी किती जुळतो ते. तरुणपणी ही पावलं एकसारखी पडतात. उतारवयात त्यांच्यात फरक पडू लागतो आणि तो वाढत गेला तर माणूस पडण्याची शक्यता वाढते. नुसते सावकाश चालणारे आजोबा वर्षानुवर्षं न पडता सावकाश चालत राहू शकतात. काळजी करायची ती कधी लांब, कधी आखूड पाऊल टाकणाऱ्यांची. अंधेरीचा गोखले पूल फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्धा खुला झाला, तेव्हा त्याच्या आणि शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाच्या उंचीत दीड-दोन मीटरचं अंतर राहिल्याचं सगळ्या शहराने पाहिलं. नकाशे हाताशी असताना अभियंत्यांना जे जुळवता आलं नाही, ते ऐंशीच्या गुडघ्यांनी दर पावलाला जुळवावं ही अपेक्षा तशी मोठीच म्हणायची.

जुळलं नाही की माणूस पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसं पडून दगावतात. पासष्टीच्या पुढची शंभर माणसं घेतली तर त्यांतली तीसेक वर्षभरात एकदा तरी पडतात. त्यातलं बरंचसं पडणं रस्त्यावर होत नाही. घरातच होतं. ज्या मोरीत माणूस चाळीस वर्षं डोळे मिटून जात आला, नेमकं तिच्याच उंबऱ्यात होतं.

चाल मोजण्याची जुनी जागा म्हणजे दवाखाना. १९९१ साली मांडलेल्या आणि आता सर्वत्र रुळलेल्या एका चाचणीत माणसाला हातांच्या खुर्चीतून उठवतात, तीन मीटर चालवतात, वळवून परत आणतात आणि बसवतात. बारा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजतात. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ‘लासी’ ही देशव्यापी पाहणी केली. पंचेचाळीशीपुढची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून बहात्तर हजारांवर लोकांना भेटून त्यांची विचारपूस झाली, हाताच्या पंजाची पकड मोजली गेली आणि चार मीटर चालवूनही पाहिलं गेलं. चार मीटरच का, असा प्रश्न घाटकोपरच्या पंतनगरमधल्या म्हाडाच्या जुन्या खोलीत टेप घेऊन उभं राहिलेल्या माणसाला पडणार नाही. तिथे पाचवा मीटर बहुतेक वेळा शेजाऱ्यांच्या मालकीचा असतो.

दवाखान्यातल्या मोजणीत मोठा दोष एकच: मोजणी चालू आहे हे पेशंटला माहीत असतं. घरात भिंतीला हात लावत, ‘आई गं’ म्हणत संडासापर्यंत जाणारे आजोबा दवाखान्याच्या दारात पोचताच ताठ होतात. शर्ट खाली ओढतात. काठी सुनेच्या हातात देतात, ‘धर जरा, उगाच आणली.’ मग डॉक्टरांसमोर असे चालून दाखवतात की सव्वीस जानेवारीच्या संचलनात त्यांना पहिल्या रांगेत उभं करावं. बारा सेकंद कशाला, नवातच उरकतात. ‘फारच छान! या वयात!’ असं डॉक्टर म्हणतात. सून गप्प बसते, कारण तिच्याकडे पुरावा नसतो. बाहेर आल्यावर रिक्षा मिळेपर्यंत आजोबा मेडिकलच्या पायरीवर बसून घेतात आणि तिथून घर येईपर्यंत कोणी काही विचारलेलं त्यांना चालत नाही. संशोधकांनी हेच रुक्ष भाषेत नोंदवलेलं आहे: परीक्षेतला वेग घरातल्या रोजच्या वेगापेक्षा जास्त भरतो.

माणसाला कळू न देता, त्याच्याच घरात, रोज चाल मोजायची कल्पना यातून निघाली. अमेरिकेत पोर्टलंडला ओरेगॉनच्या आरोग्य व विज्ञान विद्यापीठात जेफ्री के यांच्या गटाने ज्येष्ठांच्या घरांतल्या पॅसेजच्या छताला एका ओळीत, दोन-दोन फुटांवर चार सेन्सर लावले. माणसाच्या अंगातून उष्णता बाहेर पडत असते; ते ऊबदार अंग खालून सरकलं की सेन्सरला चाहूल लागते. पहिल्याला कधी लागली, चौथ्याला कधी लागली, मधलं अंतर किती, एवढ्या भागाकारावर चालीचा वेग निघतो. गणित चौथीच्या मुलालाही येईल. नवलाई आहे ती संख्येची. डॉक्टरला जिथे वर्षाकाठी एक चाल पाहायला मिळत होती, तिथे छताला हजार चाली दिसू लागल्या. त्या गटाच्या २०१२ च्या एका निबंधाचं नावच ‘वर्षाला एका चालीपासून हजार चालींपर्यंत’ अशा अर्थाचं आहे.

मिसुरी विद्यापीठाच्या मार्जरी स्क्युबिक आणि मॅरिलिन रँट्झ यांनी वेगळी वाट धरली. मुलांच्या व्हिडिओ गेमसाठी २०१० मध्ये बाजारात आलेला किनेक्ट नावाचा, समोरच्या वस्तूचं अंतर ओळखणारा कॅमेरा त्यांनी कोलंबिया शहरातल्या टायगरप्लेस या ज्येष्ठांच्या वसाहतीत बसवला. त्यात चेहरा जपून ठेवत नाहीत, नुसती सावलीसारखी आकृती ठेवतात. या वसाहतीतल्या नोंदींवरून एक आकडा हाती आला आणि तो लक्षात ठेवण्यासारखा आहे: आठवड्याभरात चालीचा वेग सेकंदाला पाच सेंटिमीटरने घटला, तर पुढच्या तीन आठवड्यांत पडण्याची शक्यता ८६ टक्क्यांच्या घरात जाते. पाच सेंटिमीटर म्हणजे आगपेटीची लांबी. सेकंदाला एक आगपेट मागे पडल्याचं ना डॉक्टरला डोळ्यांनी दिसतं, ना स्वतः चालणाऱ्याला जाणवतं.

पुढचा टप्पा एमआयटीचा. तिथे डीना कटाबी यांच्या गटाने २०१७ मध्ये भिंतीवर टांगायची एक पेटी दाखवली. तिच्यातून अगदी क्षीण रेडिओलहरी निघतात, माणसाच्या अंगावर आपटून परत येतात आणि चालीचा वेग सांगतात, मधे भिंत असली तरी. कार्नेगी मेलन विद्यापीठात भूकंपमापनातले जिओफोन जमिनीला चिकटवून पावलांनी बसणारे हादरे टिपण्यात आले. याच तंत्राने पुढे डुकरांच्या गोठ्यांतही पिलांची आणि त्यांच्या आईची हालचाल टिपली गेली. ही माहिती सेन्सर बसवताना घरातल्या ज्येष्ठांना देण्याची गरज नाही. २०२१ पासून आयफोनही खिशात पडल्या पडल्या चालीची स्थिरता मोजतो. त्याची अट एवढीच की फोन कमरेच्या आसपास हवा. आजोबांचा फोन टीव्हीशेजारी चार्जिंगला लावलेला असतो आणि आजींचा फ्रिजवर. फोनचं ऐकायचं, तर उपनगरातल्या निम्म्या आज्या गेली तीन वर्षं जागच्या हललेल्याच नाहीत.

या सगळ्या यंत्रणा ज्या घरांत जन्मल्या त्या घरांत एक लांब पॅसेज, एक म्हातारं माणूस आणि भरपूर शांतता असते. मुंबईच्या उपनगरात या तिन्ही गोष्टी एका छताखाली भेटणं कठीण.

आधी पॅसेज. वन-बीएचकेत सरळ रेषेत चालता येईल असं सगळ्यात मोठं अंतर म्हणजे मुख्य दारापासून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत, आणि त्या रेषेवर चपलांचं कपाट, सोफा-कम-बेड, घडीचं डायनिंग टेबल, नातवाची सायकल आणि भरलेला जादा सिलिंडर असतो. या वाटेने जाणं म्हणजे चालणं कमी आणि वाट काढणं जास्त. पोर्टलंडच्या भागाकारात ‘सिलिंडरला वळसा’ ही पायरी नाही. सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली की नव्या टॉवरमध्ये गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स येतात आणि मुलगा अभिमानाने सांगतो, ‘आरशासारखी लादी आहे.’ म्हातारी माणसं त्या लादीवर पाय उचलून टाकायचं सोडून सरकवत चालायला लागतात. सेन्सरला वाटतं, प्रकृती ढासळली. ढासळलेलं काही नसतं. फक्त जुनी शहाबादी फरशी गेलेली असते.

मग माणसं. उष्णता ओळखणाऱ्या सेन्सरला एवढंच कळतं की कोणीतरी ऊबदार गेलं. कोण गेलं ते कळत नाही. म्हणून असे प्रयोग एकट्या राहणाऱ्यांच्या घरांत सोपे जातात. बोरिवलीच्या घरात सकाळी सहा ते नऊ या वेळात आजी, आजोबा, मुलगा, सून, दोन नातवंडं, धुण्याभांड्याची बाई, इस्त्रीवाला आणि ‘जरा वाटीभर साखर’ घेऊन जाणारी शेजारीण एवढे ऊबदार त्याच पॅसेजमधून जातात. त्या सगळ्यांची सरासरी काढली तर आजोबा सेकंदाला सव्वा मीटर चालतात, दिवसातून चार वेळा पळतात आणि अधूनमधून सायकलवरही बसतात. गणपतीच्या पाच दिवसांत काय होईल याचा अंदाज न केलेला बरा. त्यात मे महिना. अंगाच्या आणि भोवतालच्या तापमानात फरक असेल तरच या सेन्सरला माणूस दिसतो. भिंतीच पस्तीस अंशांकडे निघाल्या की अंग कुठलं आणि भिंत कुठली हे त्याला नीट ओळखू येत नाही. माणसांचंही त्या महिन्यात फारसं वेगळं नसतं.

भिंतीपलीकडचं पाहणाऱ्या रेडिओलहरींची अडचण उलटी. अमेरिकेत भिंतीपलीकडे आपलीच बेडरूम असते. इथे पलीकडे दुसऱ्या बिऱ्हाडाची आजी असते. आपल्या आजोबांची चाल मोजायला लावलेल्या पेटीने शेजारच्या आजींची चाल मोजून दिली, तर तो अहवाल कोणाच्या हातात द्यायचा आणि पेटीचे हप्ते कोणी भरायचे, यावर सोसायटीचे उपविधी मौन बाळगून आहेत.

हे झालं यंत्रांचं. यंत्रं यायच्या कितीतरी आधीपासून उपनगरात नकळत पाळत ठेवण्याची एक पद्धत चालू आहे आणि तिची तत्त्वं वर सांगितलेल्यांपेक्षा वेगळी नाहीत.

तिचा पहिला सेन्सर म्हणजे शेजारच्या खोलीत झोपलेली सून. पहाटे साडेपाचला आतल्या खोलीतून ठरावीक आवाज ठरावीक क्रमाने येतात: लोखंडी पलंगाची करकर, एक खोकला, पायांनी सपाता शोधण्याची खुडबुड, मग लादीवर रबरी सपातांची फट्-फट्, बटणाचा टक्, कडीचा खट् आणि नळाची धार. सुनेचे डोळे मिटलेले असतात. तिला मोजायचंही नसतं. तिला अजून वीस मिनिटं झोपायचं असतं. पण एखाद्या दिवशी करकर आणि खोकला यांच्या मधे नेहमीपेक्षा जास्त वेळ जातो, किंवा फट्-फट्च्या जागी फर्र-फर्र ऐकू येतं, आणि ती झोपेतच ओळखते की आज पाय उचलला जात नाहीये. पलंगावरून उठायला लागणारा वेळ, पावलांची लय, पाय घासत टाकणं, वाटेत घेतलेला थांबा, दवाखान्यातल्या चाचणीत जे जे पाहतात ते सगळं यात आलं. चहाच्या वेळी ती विचारते, ‘बाबा, रात्री झोप नाही का लागली?’ बाबा म्हणतात, ‘छे, मस्त लागली.’ इथवर पद्धत बिनचूक आहे. पुढचा उपाय मात्र या उत्तरापाशी अडतो.

दुसरा सेन्सर खालच्या मजल्यावर. कार्नेगी मेलनने जिओफोन लावून जे साधलं, ते खालच्या काकूंना स्लॅबमधून आयतं मिळतं. वरचे आजोबा रात्री किती वेळा उठले, काठी कोणत्या हातात आहे, नवीन वॉकरची रबरं कधी झिजली, सगळं त्यांना ठाऊक असतं. त्यांची माहिती अचूक असते, पण तक्रारीच्या रूपात येते. ‘अहो, रात्री दोन वाजता काय ठोकत होतात?’ या वाक्यात रात्री उठण्याची वेळ, आधाराचं साधन आणि पाऊल जड पडणं अशा तीन नोंदी आहेत. ऐकणाऱ्याला मात्र त्यात भांडण ऐकू येतं.

तिसरा थर दाराबाहेरचा. दुधाची पिशवी कडीला किती वाजेपर्यंत लटकत होती, पेपर कधी आत गेला, मॉर्निंग वॉकला निघालेले आजोबा गेटपाशी कितीला पोचले, या वेळा दूधवाला, पेपरवाला आणि वॉचमन आपापल्या डोक्यात ठेवतात. ‘बाबूजी, आज लेट?’ एवढ्या तीन शब्दांत वॉचमन त्या दिवसाची मोजणी संपवतो. जपानमध्ये झोजिरुशी या कंपनीने २००१ साली एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी एक विजेची किटली काढली. चहाचं पाणी घेतलं की दूरच्या मुलाला कळायचं, म्हणजे आई उठली. कल्पनेचं जगभर कौतुक झालं. मुलुंडमध्ये हेच काम दुधाची पिशवी कधीपासून करते. फक्त तिच्यावर कोणी निबंध लिहिला नाही.

दोन्ही पद्धतींच्या चुका वेगवेगळ्या आहेत. यंत्राला विसर पडत नाही, पण कारण कळत नाही. १९९७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक साधी खूण सांगितली: चालता चालता बोलायला लागल्यावर जो वृद्ध थांबतो, तो पुढे पडण्याची शक्यता जास्त, कारण चालणं आणि बोलणं या दोन्ही गोष्टी एकदम सांभाळणं त्याच्या मेंदूला जड जात असतं. खूण खरी आहे आणि नंतरच्या कित्येक अभ्यासांचं मूळही तिच्यातच आहे. पण ती उपनगरात जशीच्या तशी लावता येणार नाही. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात पहाटे फिरणारा ज्येष्ठांचा घोळका राज्यातल्या सत्तांतरावर बोलू लागला की जागीच थांबतो, कारण मुद्दा पटवायला समोरच्याच्या दंडाला धरावं लागतं. इथे मेंदूवर ताण असतो तो राजकारणाचा. तसंच उपासाचं. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीवर आणि कमी पाण्यावर दिवस काढणाऱ्या आजींची चाल संध्याकाळी मंदावली, तर यंत्राला दर पंधरा दिवसांनी येणारा एक गूढ आजार सापडेल. चातुर्मासात तो बळावेल आणि आषाढी-कार्तिकीला कळस गाठेल.

शेजाऱ्यांची चूक याच्या उलट. कारण त्यांना लगेच कळतं. बहुधा जरुरीपेक्षा लवकर कळतं. आजोबा दोन दिवस लंगडले की पहिल्या मजल्यावर ‘गुडघा गेला’, दुसऱ्यावर ‘पॅरालिसिसचा झटका होता म्हणे’ आणि तिसऱ्यावर ‘मुलगा यायला निघालाय’ असं होतं. प्रत्यक्षात चपलेचा अंगठा तुटलेला असतो. शिवाय शेजाऱ्यांना अचानक झालेला बदल दिसतो, हळूहळू झालेला दिसत नाही. सहा महिन्यांत थोडी थोडी मंदावत गेलेली चाल रोज पाहणाऱ्यांच्या डोळ्यांना सवयीची होते. ती दिसते वर्षाने सुट्टीवर आलेल्या मुलीला, आणि मग ती पहिल्या संध्याकाळी सगळ्यांवर चिडते. यंत्राचा खरा उपयोग इथे आहे. ते माणसाची तुलना जगाच्या सरासरीशी करत बसत नाही, त्याच्याच गेल्या महिन्याशी करते. ‘ऐंशीव्या वर्षी एवढं चालायचंच’ हे वाक्य त्याला येत नाही.

आता खाजगीपणाचा प्रश्न. हॉलमध्ये साधा कॅमेरा लावून पाहणाऱ्या मुलांचा अनुभव सर्वत्र सारखा आहे: तिसऱ्या दिवशी कॅमेऱ्यावर पंचा वाळत घातलेला असतो. ‘ऊन तिथेच येतं,’ असं सांगितलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं, २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि माहिती घेण्याआधी संमती घेणं हा नियम ठरला. चालीची माहिती ही प्रकृतीचीच माहिती आहे, तेव्हा आजोबांना विचारल्याशिवाय छताला काही लावणं योग्य नाही. पण विचारलं की ते ताठ चालू लागतात, हा मूळ पेच आहेच. त्यावर संशोधकांचं उत्तर सबुरीचं आहे: सांगून लावा, आणि थांबा. छताकडे पाहून ऐटीत चालणं माणसाला किती दिवस जमणार? यथावकाश तो सेन्सरला विसरतो आणि आपल्या चालीवर येतो. खालच्या काकूंना मात्र हा कायदा लागू होत नाही. त्यांची माहिती डिजिटल नाही.

शेवटचा भाग म्हणजे चाल मंदावली असं कळल्यावर काय करायचं. पुष्कळदा कारण बरं होण्यासारखं असतं. शाकाहारी घरांत बी-१२ कमी पडतं आणि पायांना जमिनीचा अंदाज येईनासा होतो. दिवसभर घरात बसून ‘ड’ जीवनसत्त्व घटतं. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळीचा डोस जड होतो आणि पलंगावरून उठल्या उठल्या डोळ्यांपुढे अंधारी येते. मोतीबिंदू पिकतो. लघवीचा संसर्ग होतो आणि म्हाताऱ्या माणसात तो कधी कधी तापाआधी चालीत दिसतो. यांतली बरीचशी कारणं साध्या तपासण्यांनी आणि गोळ्यांची चिठ्ठी नव्याने पाहून सापडतात. सपाता बदलणं, पायपुसणं उचलणं, मोरीत पकडायला दांडी बसवणं हे तर त्याहूनही सोपं.

प्रत्यक्षात सूचना जाते कशी ते मुलुंडच्या उदाहरणावरून कळतं, कारण तिथल्या बऱ्याच घरांतली मुलं परदेशी असतात. आजींची चाल घटल्याची नोंद पॅसेजमधून राउटरमध्ये, तिथून दुसऱ्या खंडातल्या एखाद्या सर्व्हरवर आणि तिथून न्यू जर्सीत मीटिंगमध्ये बसलेल्या मुलाच्या मनगटावर पोचते. तो फोन करतो. आजी म्हणतात, ‘काही नाही रे, जरा पाय धरला होता. तू जेवलास का?’ मुलाचा विश्वास बसत नाही. तो समोरच्या दारातल्या काकूंना फोन लावतो, ‘काकू, जरा आईकडे बघून येता का?’ काकू म्हणतात, ‘अरे, मी मंगळवारपासून बघतेय. सकाळीच तिला डॉक्टरकडे नेऊन आणलं. तुला कळवणारच होते.’ सूचना दोन महासागर ओलांडून दहा फुटांवर पोचलेली असते. तिचं महत्त्व म्हणून कमी होत नाही. समोरचं दार बंद असलेले मजले आता वाढत चालले आहेत आणि टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर खालच्या काकूंना वरची काठी ऐकू येत नाही. अशा ज्येष्ठांसाठी १४५६७ ही केंद्र सरकारची एल्डरलाइन आहे, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत आणि छताचे चार डोळेही उपयोगी पडतील.

घरातले उपाय घरात होतात. जिन्यातले उपाय सोसायटीकडे असतात. बिनलिफ्टच्या चार मजली इमारतीत जिन्याला एकाच बाजूला कठडा असतो. ज्यांचा नेमका दुसरा हात बळकट आहे त्यांना उतरताना आधार राहत नाही, म्हणून भिंतीच्या बाजूने दुसरी दांडी बसवावी, असा अर्ज कोणीतरी चौथ्या मजल्यावरचे आजोबा करतात. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि फॅब्रिकेटरचं कोटेशन जोडतात. सेक्रेटरी अर्जावर पोच देतात आणि विषय वार्षिक सभेपुढे ठेवतात. सभेत खजिनदार म्हणतात, रीडेव्हलपमेंट आलंच आहे, नव्या इमारतीत दोन लिफ्ट आहेत, आता दांडीवर खर्च कशाला. रीडेव्हलपमेंट आलंच आहे हे वाक्य इतिवृत्तात गेल्या अकरा वर्षांच्या प्रत्येक सभेत सापडतं. एक सभासद सुचवतात की अर्जदाराचं म्हणणं ऐकून घ्यावं. पण पावसाळा संपल्यामुळे आणि हवा चांगली असल्यामुळे सभा गच्चीवर घेतलेली असते. तिकडे जाणाऱ्या शेवटच्या चौदा पायऱ्यांना तर एका बाजूचाही कठडा नाही. अर्जदार गैरहजर असल्याने विषय पुढील सभेपर्यंत तहकूब करण्यात येतो आणि चहापानाकडे वळण्यात येतं.